इतवारी ते रामटेक : एक रात्र पायी

नागपूरजवळ सह्याद्रीचे कडे नाहीत. म्हणून आम्हां मुलांच्या नशिबी कठीण वाट नाही, असे मला वाटे. गेल्या कार्तिकी पौर्णिमेस गुरुजींसह आम्ही सात विद्यार्थी सायंकाळी इतवारीहून रामटेकास पायी निघालो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर! कामठीपुढे कन्हानचा पूल ओलांडला, तोच माझ्या टाचेस फोड आला. मी परतीची गोष्ट काढताच सर्वांत लहान सोबत्याने निमूटपणे माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. मला फार लाज वाटली. मनसर मागे पडले, चांदणे फिकटले आणि उजाडता आम्ही गडाच्या पायऱ्या चढलो. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी हाच, असे महामहोपाध्याय मिराशी मानीत. यक्षास तेथे एकटेपणा भोगावा लागला. मला सोबती लाभला. उतरताना दोघांच्याही पिशव्या मीच वाहिल्या.