एलियाहू हनाबीच्या टाप्याकडे

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुटली की तासाभरात मांडवा. तिथून अलिबागच्या रस्त्याला लागलेल्या बऱ्याच गाड्या किहीमच्या किनाऱ्याकडे वळतात. मला नवगाव गाठायचं होतं. देवाकडे जाण्याचं पहिलं पाऊल यहुदी माणूस कसं टाकतो, याबद्दल वाचन बरंच झालं होतं. पण आपल्याच कोकणात मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. मग ते त्यांच्याच अंगणात जाऊन का पाहू नये?

नवगावला समुद्राजवळ त्यांचं जुनं कब्रस्तान आहे आणि पूर्वजांच्या आगमनाचं स्मारक. इथल्या खडकांवर एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पोथ्या समुद्राने नेल्या. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले, गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं घेतली आणि हिब्रू विसरून ते अस्सल मराठी झाले. टिकलं ते थोडकंच. आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारी घाणा बंद, आणि देव एकच आहे असं सांगणारा ‘शेमा’. लग्न असो की मयत, म्हणायचा तो शेमाच. शनिवारच्या सुट्टीमुळे गावाने त्यांना नाव ठेवलं, शनवार तेली.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा कुणी जाणकार यहुदी कोकणात आला. हे आपलेच लोक का, हे पाहायला त्याने म्हणे बायकांपुढे सगळ्या जातीची मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली, म्हणजे यहुदी धर्माला चालणारी, तेवढी उचलली. बाकीची बाजूला सारली. कोकणात राहून कोळंबी, तिसऱ्या, खेकडे यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘नको’ म्हणणं म्हणजे काय, हे मासेखाऊ वाचकाला सांगायला नको!

आपल्याकडे ‘भाव तिथे देव’. भाव नसेल तर कर्मकांड पोकळ, हे संतांनी आपल्या हाडीमाशी रुजवलं आहे. यहुदी वाट उलट बाजूने निघते. सिनाई पर्वतापाशी लोकांनी देवाला शब्द दिला तो आधी ‘करू’ आणि मग ‘ऐकू’ असा. नहशोनची कथाही त्याच वळणाची. इजिप्तमधून निघालेल्या लोकांपुढे समुद्र, मागे फारोचं सैन्य, आणि काठावर कोणी आधी उतरायचं याचा वाद चाललेला. अम्मिनादाबचा मुलगा नहशोन सरळ पाण्यात शिरला. पाणी नाकाशी आलं तेव्हा कुठे समुद्र दुभंगला, असं यहुदी परंपरा सांगते. नवगावच्या किनाऱ्यावर ही कथा आठवणं अपरिहार्य होतं.

अलिबागच्या इस्राएल आळीत ‘मागेन अबोथ’ हे सिनेगॉग आहे. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे शेमाचं चर्मपत्र ठेवलेली अरुंद डबी. आत जाणारा तिला बोटं लावतो आणि ती ओठांना टेकवतो. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. 1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेल्यामुळे ते जमवणं गावोगावी अवघड झालं आहे. बायका त्या दहांत धरत नाहीत, हे मला खटकलं.

खंडाळा-सागावचा टापा अलिबागच्या जवळच. हा घाटातला खंडाळा नव्हे. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, इथूनच रथात बसून आकाशात गेला, अशी श्रद्धा. कातळावर रथाच्या चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. मी पोहोचले तेव्हा इस्रायलहून आलेलं एक कुटुंब नवस फेडत होतं.

“अगं, लांब काय उभी राहिलीस? ये, बस इथे,” त्यातल्या आजी म्हणाल्या.

समोर मलिद्याचं ताट. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम. भोवती फळं आणि गुलाब. एलियाहू हनाबीचं गीत झालं, पण लगेच कोणी ताटाला हात लावला नाही. खजूर उचलून एक आशीर्वचन, केळ्यासाठी दुसरं. केळीला धर्मशास्त्र झाड मानत नाही, म्हणून तिचं फळ जमिनीच्या उत्पन्नात जमा! फूल हुंगण्याआधीही वेगळं आशीर्वचन. देवाचं नाव न घेता त्याच्या जगातलं काही खाणं ही चोरीच, असं रब्बी मानतात. घास हाती घ्यायचा, क्षणभर थांबायचं, देणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि मग खायचं. पहिलं पाऊल म्हणतात ते एवढंच, आणि ते दिवसातून कितीदा तरी टाकावं लागतं.

“आणि मन लागत नसेल तेव्हा?” मी विचारलं.

“मनाची वाट बघत बसले असते तर शुक्रवारचा दिवा कधी लागलाच नसता,” आजी म्हणाल्या. “तू मलिदा घे आधी.”

मला हे पटलं. मनाचा भरवसा धरणारे धर्म माणसावर मोठीच जबाबदारी टाकतात. इथे हाताला काम दिलं जातं, आणि हात सहसा दगा देत नाहीत. ग्रंथ, भाषा आणि गुरू तिन्ही नसताना जो समाज बंद घाण्याच्या आणि एका ओळीच्या बळावर टिकला, त्याहून चांगला पुरावा मी तरी मागणार नाही.

जायचं असेल तर शुक्रवार मावळतीपासून शनिवार मावळतीपर्यंत हौशी फेरी टाळा. शब्बाथच्या, म्हणजे या विश्रांतीच्या दिवशी सिनेगॉगमध्ये मोबाइल-कॅमेरा चालत नाही. एरवीही आधी विचारून जा, डोकं झाका, आणि टाप्यावर कोणी मलिदा पुढे केला तर नाही म्हणू नका.