जगातला ज आणि जगण्यातला ज

वाचकहो, एक शब्द मोठ्याने म्हणून बघा : जग. आता तो दोन वाक्यांत म्हणा. 'जग फार मोठं आहे' आणि 'बाळा, सुखाने जग.' ज बदलला ना? पहिल्या वेळी जीभ टाळूला पसरून लागते, दुसऱ्या वेळी तिचं टोक वरच्या दातांमागे जातं. अक्षर मात्र एकच.

माझी नात इथे सबाह अल-सालेममध्येच वाढली. शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. दर शुक्रवारी ती माझ्याकडे मराठी वाचायला बसते. वाचते झरझर, पण 'पाच', 'चांदणं', 'जावई' या सगळ्यांना 'चार' आणि 'जीव'मधलेच च-ज लावते. तिचा काय दोष? पुस्तकात फरक दिसतच नाही.

गंमत म्हणजे शेजारच्या कुवैती मुलींबरोबर हीच पोरगी असला फरक अचूक करते. 'कशी आहेस?' हे मुलीला विचारताना 'शलोनिच', मुलाला 'शलोनक'. अरबी लिपीत शेवटी दोन्हीकडे काही जण एकच काफ लिहितात. स्त्रीलिंगी प्रत्ययातल्या 'इ'मुळे तिथल्या क चा च झाला. आपल्याकडेही 'माझा'तला दाताजवळचा झ 'माझी'त त्याच इ मुळे टाळूकडे सरकतो. दोन अनोळखी भाषा, पण जिभेची खोड एकच! (आयुष्यभर हा विषय शिकवूनही मला याचं अजून हसू येतं.)

कॅमेरूनमधल्या बामिलेके भाषांत तर आवाजाची पट्टी वर-खाली झाली की शब्दच बदलतो. तिथल्या भाषांसाठी 1979 मध्ये एक सामाईक वर्णमाला ठरली, तिच्यात स्वरांवर सुराच्या खुणा देण्याची सोय आहे. आपण च-ज-झ खाली नुक्ता द्यावा का? शिकणाऱ्यांच्या पुस्तकात जरूर द्यावा, असं माझं मत. पण घरात कोणी तसं बोलतच नसेल, तर नुक्ता बघून पोर काय उच्चारणार?

म्हणून हल्ली पहिला अर्धा तास पुस्तक बंद. मी शब्द म्हणतो, ती ऐकून वाटणी करते : हा 'चार'चा, हा 'पाच'चा. परवा 'चिंच' म्हटलं. दोनदा तोंडात घोळवून म्हणाली, "आजोबा, हिच्यात दोन्ही आहेत."