फ्रीजमधली बरणी आणि कॅनडाचा कायदा

गेल्या वर्षी जून महिन्यात सकाळी सातच्या सुमारास मला टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनहून फोन आला. तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. फोनवर माझ्या एका जुन्या पेशंट काकूंचा मुलगा होता. काकू अडुसष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. रक्तदाब आणि थायरॉईडची गोळी सोडली तर तब्येत उत्तम. नातवासोबत चार महिने राहायला गेल्या होत्या. (हे सगळं मी त्यांच्या परवानगीने लिहितोय. "लिहा, पण माझं नाव नको," एवढीच त्यांची अट.)

"डॉक्टर, आईला कसंतरीच होतंय. छातीत धडधडतंय, तोंडाला कोरड पडलीय, खोली फिरतेय म्हणते. आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतेय."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. तोंड वाकडं झालंय का, हात उचलता येतोय का, बोलणं जड झालंय का, छातीत दुखतंय का, गोळी दोनदा घेतली गेली का. मेंदूचा झटका किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात होत्या. मी म्हटलं, आधी ९११ ला फोन करा. तेवढ्यात मागून सूनबाईंचा दबका आवाज आला आणि मुलगा अडखळत म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. तिने बहुतेक आमच्या फ्रीजमधल्या गमीज खाल्ल्यात."

"व्हिटॅमिनच्या?" मी विचारलं.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "नाही. गांजाच्या."

आता माझी चूक सांगतो. जाण्याआधी काकू तपासणीला आल्या होत्या. त्यांनी विचारलं होतं, "मुलगा म्हणतो तिकडे झोपेसाठी गोड गोळ्या मिळतात, जेलीसारख्या. घेतल्या तर चालतील का?" बाहेर गर्दी होती. मला वाटलं मेलाटोनिन असणार. मी चिठ्ठी लिहिता लिहिताच म्हणालो, "चालतील की, काही होत नाही त्याने." मुलाने आईला गोळ्या कशाच्या ते लाजेपोटी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नाही, आणि काकूंनी डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानला. जेवण झाल्यावर त्यांनी दोन गमीज खाल्ल्या. पाऊण तास झोप येईना, म्हणून आणखी दोन.

प्रत्येक गमीत ५ मिलिग्रॅम टीएचसी होतं. टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा मुख्य घटक. चार गमीज म्हणजे २० मिलिग्रॅम. ज्याने कधीच घेतलेलं नाही त्याने अडीच मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असं कॅनडा सरकारचाच सल्ला सांगतो. काकूंनी त्याच्या आठपट घेतलं होतं.

इथे जरा थांबून शरीरात काय होतं ते समजून घ्या, कारण बहुतेक अपघात इथेच होतात. गांजा ओढला तर तो फुप्फुसातून थेट रक्तात जातो आणि काही मिनिटांत जाणवतो. माणसाला कळतं, आता पुरे. खाल्ला तर तो पोटातून यकृतात जातो, आणि यकृत त्यातल्या टीएचसीचं रूपांतर आणखी जोरकस अशा पदार्थात करतं. परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात, पूर्ण चढायला चार तासही लागू शकतात, आणि उतरायला बारा तास. होळीला भांग प्यायलेला आपल्याकडचा कुणीही हे सांगेल. पहिल्या पेल्याने काहीच झालं नाही म्हणून दुसरा घेतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. काकूंचं नेमकं तेच झालं, फक्त भांगेच्या पेल्यावर भांग आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

रुग्णालयात त्यांचा ईसीजी काढला, रक्त तपासलं, रात्रभर नजरेखाली ठेवलं आणि पहाटे घरी सोडलं. टीएचसीने नाडी वाढते, रक्तदाब वरखाली होतो, उभं राहताना तोल जातो. तरुण माणूस हे निभावून नेतो. हृदयविकार असलेल्याला किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्याला हीच रात्र महागात पडू शकते. काकू नंतर मला म्हणाल्या, "मला वाटलं मी गेले, आणि हे लोक मला सांगत नाहीयेत." हे वाक्य त्या हसत म्हणाल्या, पण रात्री एकटीने झोपायला त्यांना पुढे आठवडाभर भीती वाटत होती.

काका भयंकर चिडले. "असल्या गोष्टीला परवानगी देणारा देशच वेडा!" दोन दिवस मीही त्यांच्याच मताचा होतो. मग स्वतःच्या चुकीची टोचणी म्हणा किंवा कुतूहल म्हणा, मी कॅनडातला तो सगळा वाद नीट वाचून काढला. आणि माझा प्रश्नच बदलला.

कॅनडाने गांजावर बंदी घातली १९२३ मध्ये. १९७२ साली ल डेन आयोगाने जवळ बाळगण्यासाठी शिक्षा नको, अशी शिफारस केली, पण ती तशीच पडून राहिली. २०१५ च्या निवडणुकीत ट्रुडो यांच्या लिबरल पक्षाने गांजा कायदेशीर करण्याचं आश्वासन दिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की बंदी असूनही तरुण मुलं ओढतातच, माल कुठला ते कुणाला माहीत नसतं, पैसा टोळ्यांकडे जातो, आणि पोलिसांच्या कागदावर नाव लागलं की पोराचं पुढचं आयुष्य अडतं. २०१६ मध्ये माजी उपपंतप्रधान अ‍ॅन मॅकलेलन यांच्या अध्यक्षतेखालच्या कृती गटाने अहवाल दिला आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा लागू झाला. देशभर परवानगी देणारा जगातला हा दुसरा देश. पहिला उरुग्वे, २०१३ मध्ये.

पण खरी भांडणं परवानगी द्यायची की नाही यावर कमी आणि कशी द्यायची यावर जास्त झाली. मला तीच जास्त शिकवून गेली.

पहिलं भांडण वयाचं. मेंदूची, विशेषतः निर्णय घेणाऱ्या पुढच्या भागाची, जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून कॅनडातल्या डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलं, किमान वय २१ ठेवा, आणि २५ पर्यंत प्रमाण आणि तीव्रता यांवर मर्यादा घाला. कृती गट म्हणाला, १८. कारण वीस वर्षांच्या मुलाला दुकानात नाही म्हटलं तर तो कोपऱ्यावरच्या विक्रेत्याकडे जाईल, आणि तो विक्रेता त्याला आणखी काय काय विकेल कोण जाणे. तुम्ही डॉक्टरांच्या बाजूने असाल तर मी समजू शकतो, मीही आहे. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण सहातल्या एकाला व्यसन लागतं. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं मूर्खपणाचं नाही. शेवटी केंद्राने १८ ठेवलं, बहुतेक प्रांतांनी १९ केलं, आणि क्वेबेकने २०२० पासून २१.

दुसरं भांडण दुकानाचं. ऑन्टॅरिओमध्ये आधीच्या सरकारने सरकारी दुकानं ठरवली होती. सरकार बदललं आणि खाजगी दुकानांना वाट मोकळी झाली. क्वेबेकने मात्र विक्री सरकारी मंडळाकडेच ठेवली. नफा हेच ज्याचं काम, त्याला रोज येणारं गिऱ्हाईक हवं असतं. आणि डॉक्टर म्हणून मला भीती वाटते ती त्या रोजच्या गिऱ्हाइकाचीच. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांच्या अभ्यासात दिसलं की रोज आणि तीव्र गांजा घेणाऱ्यांत सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांच्या गंभीर मानसिक आजाराची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट होती. तीव्रतेचं म्हणाल तर १९९५ च्या सुमारास अमेरिकेत पकडलेल्या गांजात साधारण ४ टक्के टीएचसी असे. आज कॅनडातल्या दुकानात २० टक्क्यांच्या पुढचा माल सर्रास मिळतो. "आमच्या वेळीही लोक ओढायचे, काही झालं नाही," असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी हा आकडा लक्षात घ्यावा.

तिसरं भांडण खाण्याच्या पदार्थांचं, म्हणजे काकूंचं. गमीज, चॉकलेट, बिस्किटं यांना परवानगी एक वर्ष उशिरा, २०१९ मध्ये मिळाली. तीही अटींवर. एका पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको. पाकीट साधं, चित्रं नाहीत, मुलांना सहज उघडता येणार नाही असं. त्यावर लाल चिन्ह आणि आरोग्याचा इशारा. क्वेबेकने त्याही पुढे जाऊन मुलांना भुरळ पडेल अशा गोड पदार्थांवर बंदीच ठेवली. मग संशोधकांनी क्वेबेकची तुलना ऑन्टॅरिओ, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाशी केली. सुकलेला गांजा कायदेशीर झाल्यावर लहान मुलांच्या विषबाधा सगळीकडेच वाढल्या. पण खाण्याचे पदार्थ बाजारात आल्यावर त्या तीन प्रांतांत आणखी मोठी वाढ झाली, क्वेबेकमध्ये तशी झाली नाही. देश एक, केंद्राचा कायदा एक, फरक फक्त गोळी गोड होती की नव्हती याचा.

हे वाचल्यावर मी मुलाला फोन केला आणि विचारलं, त्या पाकिटावरचं लाल चिन्ह आईंना दिसलं नाही का?

"पाकीट नव्हतंच, डॉक्टर. पाकिटं उघडायला कटकट होते. म्हणून मी तीन-चार पाकिटं एका बरणीत रिकामी केली होती."

म्हणजे पाच वर्षं संसदेत, प्रांतांत आणि वर्तमानपत्रांत भांडून जे पाकीट ठरलं, ते त्याने स्वयंपाकघरात दोन मिनिटांत बाजूला टाकलं होतं. बरणी फ्रीजच्या दारात, आवळा कँडीशेजारी. घरात चार वर्षांचा नातू. काकूंच्या जागी तो असता तर? लहान मुलाला एवढ्या टीएचसीने गाढ गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो, अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. मुलाला हे मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोललो नाही. माझ्या "चालतील की" ला कुठलंच लाल चिन्ह नव्हतं.

तुम्ही विचाराल, मग तुमचं मत काय? माणसाला गांजासाठी तुरुंगात टाकून त्याची तब्येत सुधारते असं मला आता वाटत नाही. पण तो बिस्किटांसारखा विकायला ठेवावा असंही वाटत नाही. क्वेबेकची कंटाळवाणी, सरकारी, गोडवा नसलेली पद्धत मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढांना मर्यादित प्रमाणात जवळ बाळगायला परवानगी दिली, पण दुकानं उघडली नाहीत, हेही मला पटतं. काका अजूनही बंदीवर ठाम आहेत. आमचा वाद चालू आहे.

तुमची मुलं तिकडे शिकायला किंवा नोकरीला असतील तर काही गोष्टी फोनवर मोकळेपणाने बोला. तिकडे चालतं म्हणजे सगळीकडे चालतं असं नाही. कॅनडातून गांजा कुठल्याही स्वरूपात देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि भारतात अशा गमीज आणणं अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतं. सामानात चुकून राहिल्या, ही सबब तिथे टिकणं कठीण. नशेत गाडी चालवणं हा कॅनडात गंभीर गुन्हा आहे, आणि नागरिकत्व नसलेल्याला त्यापायी देश सोडावा लागू शकतो. घरात कुणाला सायकोसिस किंवा स्किझोफ्रेनिया झालेला असेल तर मुलांना ते लपवून ठेवू नका. त्यांच्यासाठी गांजाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि तो त्यांना तुमच्याकडूनच कळू शकतो. आणि असा प्रसंग आलाच, तर रुग्णवाहिकेतल्या माणसांना काय खाल्लं ते पहिल्या मिनिटाला सांगा. आमची त्या दिवशी वीस मिनिटं लाजेत गेली.

परदेशी जाणारे ज्येष्ठ तपासणीला आले की मी आता गोळ्यांच्या यादीनंतर एक प्रश्न जास्त विचारतो. काही जण चमकतात, एक आजोबा तर रागावले. काकू पुढच्या मे महिन्यात परत निघाल्या आहेत. मागच्या आठवड्यात चिठ्ठी न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, बरणी गेली, आता कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली सूनबाईंकडे. मग पर्समधून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. मुलाने पाठवलेला, मेलाटोनिनच्या बाटलीचा, लेबल नीट दिसेल असा. "हे तरी बघून सांगा," त्या म्हणाल्या. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.