स्वारी कुणाची, आक्रमण कुणाचे

इतिहासाचे लेख तपासताना माझी लेखणी सर्वांत जास्त घसरली ती परक्या मुलखात फौज शिरल्याचे वाक्य आले की. नादिरशहा 1739 मध्ये दिल्लीवर आला, ते 'आक्रमण'. नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालात उतरली, ती 'मोहीम'. लेखकाने 'लूट' लिहिले असेल तर मी त्याची 'खंडणीवसुली' करायचो. चौथाईचा हक्कच होता, असे वर समर्थन. पण बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने वर्षाला 12 लाखांची चौथाई कबूल केली ती 1751 मध्ये. त्याआधी जवळपास दहा वर्षे तिकडची गावे होरपळत होती. आपल्या 'बारगीर'चा बंगालीत 'बर्गी' झाला आणि त्याची धास्ती थेट अंगाईगीतात शिरली, हे एका बंगाली सहकाऱ्याने सांगितले तेव्हा मी वरमलो.

मग दुसरे टोक गाठले. कुणाचीही फौज असो, सरसकट 'आक्रमण'. त्या भरात गोव्यावरच्या लेखातही, डिसेंबर 1961 मध्ये भारताने गोव्यावर आक्रमण केले, असे छापून मोकळा झालो. लिस्बन तेच म्हणत होते आणि मला ते तटस्थपणाचे वाटले. गोव्याच्या वाचकांनी फैलावर घेतले, ते योग्यच होते. 1510 पासूनची परकी सत्ता, 1955 मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेला गोळीबार, वाटाघाटींना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा नकार, यातले काहीच त्या वाक्यात नव्हते. सैन्य बळाने शिरले, हे खरे. पण 'आक्रमण' म्हटले की ती जमीन न्यायाने समोरच्याची होती, हेही आपण मान्य करून बसतो.

कारगिलच्या वेळी चूक उलटी झाली. 1999 मध्ये आम्ही सारे 'घुसखोर' लिहीत राहिलो. शिखरांवर पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक असल्याचे पुरावे मिळाल्यावरही मी तो शब्द बदलला नाही. पाकिस्तान त्यांना मुजाहिदीन म्हणत होता. माझ्या शब्दाने त्याची सोयच झाली. घुसखोराला कुणी धाडले, हे सांगावे लागत नाही.

आता आधी समासात लिहितो: हुकूम कुणाचा, मुलूख कुणाचा, फौज परतली की ठाण मांडून बसली. बंगालच्या लेखात 'स्वारी' ठेवतो, कारण फौज यायची, वसूल करायची, परतायची. 'लूट' मात्र खोडत नाही.