काटकसर ताटाबाहेरची

2020 च्या टाळेबंदीत आमच्या यांची नोकरी गेली. पुढे दुसरी मिळाली, पण पगार जवळजवळ निम्म्यावर आला. पुण्यात बिबवेवाडीतल्या घराचं भाडं, मुलांची फी आणि सासूबाईंची औषधं यांत काही कमी होण्यासारखं नव्हतं. हात घालता येईल अशी एकच बाजू उरली, ती स्वयंपाकघराची. किराणा, भाजी आणि दूध मिळून आम्हा पाच माणसांना महिन्याला 13,000 रुपये लागायचे. ते 9,000 वर आणायचं ठरलं.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याच रात्री दोन अटी घातल्या. ‘दूध, डाळ आणि पोरांची अंडी यांना हात लावायचा नाही. आणि जेवायला सगळ्यांनी एकदम बसायचं. उरलं तर मी खाईन, असं या घरात कुणी म्हणायचं नाही.’ आईंचं माहेर माढा तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर होत्या. अमेरिकेहून आलेली रेशनची तांबडी मिलो ज्वारी त्यांनी खाल्ली होती. भाकऱ्या कमी पडल्या की आधी आईची कमी होते आणि मग थोरल्या लेकीची, हे त्यांनी पाहिलं होतं. थोरली लेक त्याच होत्या.

मी वही घातली. डाव्या पानावर काय आणलं, उजव्या पानावर काय टाकून दिलं. महिना संपल्यावर दोन्ही पानं बोलायला लागली. बिस्किटं, फरसाण, नूडल्स, तयार मसाल्यांची पाकिटं यांतच बरेच पैसे जात होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून येता-जाता आणलेलं पाव किलो, अर्धा किलो तर दरवेळी चढ्या भावानं पडत होतं. उजव्या पानावर पिवळी पडलेली कोथिंबीर, शिळ्या पोळ्या आणि फ्रिजच्या तळाशी विसरलेली काकडी होती.

सुरुवात धान्यापासून केली. शेजारच्या काकू आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी यांना विचारलं आणि तीन घरांनी मिळून गुलटेकडीच्या मार्केटयार्डात भुसार बाजारात जायचं ठरवलं. यात नवं काही नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच मोठ्या प्रमाणावर करत आली आहे: अनेक कुटुंबांनी एकत्र मागणी करायची, माल घाऊक घ्यायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा. आमचा गट तीन घरांचा, एवढाच फरक.

काय केव्हा घ्यायचं, हे आईंना पाठ होतं. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, हरभरा त्यामागोमाग, गहू मार्च-एप्रिलमध्ये. आवक वाढली की भाव उतरतो, तेव्हा भरून ठेवायचं. आई स्वतः बाजारात यायच्या. पोत्यातले चार गहू तळहातावर घेऊन फुंकर मारायच्या, एक दाणा दाढेखाली धरायच्या. कट्ट आवाज आला तर गहू वाळलेला. दाणा नुसता दबला तर त्यात ओल आहे आणि तो टिकणार नाही. तूरडाळ बोटांनी चोळून पाहायच्या, कारण फार गुळगुळीत चकाकणाऱ्या डाळीवर त्यांचा विश्वास नाही. दुकानदार आधी घाईत असायचा. नंतर मात्र तोच म्हणायचा, ‘आजी, हे दुसरं पोतं बघा.’

घरी आल्यावर खरं काम. गहू गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात, मग गार करून पत्र्याच्या कोठीत. ऊन लागलेलं गरम धान्य लगेच भरलं तर त्याला घाम सुटतो. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावायचा, अगदी थोडा, दाणा चमकेल इतकाच. पोरकिडा लागत नाही, आणि शिजवण्याआधी कोमट पाण्यात चोळून धुतली की तेल निघून जातं. एप्रिल-मेमधला गरवी कांदा जमिनीवर पसरून ठेवला, बटाट्यापासून लांब. तो दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरतो. कैरी स्वस्त असते तेव्हा तिच्या फोडी वाळवून आंबोशी केली. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला 100 रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा आमची आमटी आंबोशी, चिंच आणि आमसुलावर झाली. कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

भाजीच्या बाबतीत मी आधी पदार्थ ठरवून बाजारात जाणं सोडलं. मंडईत ज्याचा ढीग मोठा आणि माल ताजा, ती भाजी पिशवीत पडते, आणि घरी आल्यावर त्या पिशवीवरून आठवडा ठरतो. पालेभाजी दोन दिवसांत संपवायची, मग भेंडी, गवार, आणि शेवटी भोपळा, कोबी. शनिवारपर्यंत भाजी संपते. त्या दिवशी पिठलं. वाटीभर बेसन, कांदा, लसूण, मिरची आणि वर कोथिंबीर, त्यात पाच माणसं पोटभर जेवतात. पिठलं आता आमचे हेच करतात आणि गुठळी होऊ देत नाहीत.

टाकाऊ म्हणून जे डब्यात जायचं, त्यातलं बरंचसं ताटात आलं. आमच्याकडे सर्वांत लाडकी दोडक्याच्या शिरांची चटणी. दोडका सोलताना शिरा जाड काढायच्या, बारीक चिरून चमचाभर तेलावर मंद आचेवर परतत राहायचं. आधी त्या मऊ पडतात, पाणी सोडतात, मग हळूहळू कडा तपकिरी होतात आणि कढईत खुळखुळ वाजायला लागतात. तेव्हा तीळ, किसलेलं सुकं खोबरं, तिखट, मीठ घालायचं. घाई केली की शिरा करपतात. मुळ्याचा पाला मुगाच्या डाळीत जातो, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. कणीक भिजवण्याआधी मी सगळ्यांना विचारते, ‘आज किती पोळ्या?’ तरीही उरल्याच तर सकाळी फोडणीची पोळी. दुधावरची साय साठवून विरजते, घुसळते. महिन्याचं तूप त्यातून निघतं आणि ताकाची कढी होते ती वेगळीच.

पाकिटांच्या जागी डबे भरले. शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा. थालीपिठाची भाजणी घरात असली की अवेळी आलेला पाहुणाही उपाशी जात नाही. जे पाकिटातलंच घ्यावं लागतं, त्याचा ग्रॅममागे पडणारा दर पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो वाचायचं काम मुलीकडे आहे. ‘मोठं पाकीट स्वस्त’ ही समजूत दरवेळी खरी नसते, हे तिनंच मला दाखवलं.

चार-पाच महिन्यांत आम्ही 9,000 च्या जवळ आलो. पण मला अभिमान आहे तो या आकड्याचा नाही. आईंच्या दोन्ही अटी एकदाही मोडल्या नाहीत, याचा आहे. घरखर्च कमी करण्याचा सर्वांत सोपा आणि कुणाला न दिसणारा मार्ग म्हणजे घरातल्या बाईनं कमी खाणं. वरण संपलं म्हणून चटणी-पोळीवर भागवणं, फळ मुलांसाठी राखणं, दुधाऐवजी कोरा चहा घेणं. हिशेबाच्या वहीत ही बचत कुठेच लिहिली जात नाही. ती अंगावर निघते. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. याची कारणं अनेक आहेत. पण मागून जेवायची आणि उरलंसुरलं खायची आपली रीत त्यात भर घालते, हे कोणत्याही घरातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून शेजारच्या नव्या सुनेनं मला विचारलं, ‘काकू, कुठून सुरुवात करू?’ तेव्हा मी तिला क्रम सांगितला. आधी टाकून दिलं जातं ते थांबव. मग पाकिटं कमी कर. मग दोन-तीन घरं मिळून हंगामात धान्य भरा, आणि पोती उचलायला, निवडायला, ऊन दाखवायला घरातल्या पुरुषांनाही लाव, कारण काटकसरीला वेळ आणि कष्ट लागतात आणि ते एकटीच्या अंगावर पडता कामा नयेत. एवढं करूनही पैसे पुरत नसतील, तर घरात सगळ्यांना बसवून उत्पन्नाचं बोला. पण तुझ्या वाटीतलं वरण कमी करू नकोस. यांचा पगार आता थोडा वाढला आहे. तरी वही चालूच आहे, आणि त्यात दर महिन्याला पहिली ओळ आम्हा दोघींच्या, आईंच्या आणि माझ्या, दूध-फळांची असते.