अर्धे तिकीट

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गावातले तीन तरुण आमच्या घरी आले. एक मोटारदुरुस्ती करणारा, दुसरा सुतारकामात वाढलेला, तिसरा शिक्षक. ओसरीवर बसताच शिक्षकाने वही उघडली आणि विचारले, "काका, तुमच्या बाबांच्या बसमध्ये बाके कशी होती?"

मी म्हणालो, "दोन्ही अंगांना लांबलचक. माणसे समोरासमोर बसत." त्याने ते लिहून घेतले. मग मोटारदुरुस्तीवाल्याने दुसरा प्रश्न केला, "ती बस पुढे गेली कुठे?" नोकरीचा सारा काळ मी इतरांच्या प्रश्नांना लेखी उत्तरे देत आलो, या साध्या प्रश्नाला मात्र मला चटकन उत्तर देता आले नाही.

शेजारच्या गावात काजूच्या झाडाखाली त्यांना एका जुन्या बसचा सांगाडा सापडला होता. त्याच्यावर पूर्वीसारखी लाकडी बांधणी चढवून ती बस लोकांना पाहायला ठेवावी, असा त्यांचा विचार होता. काम सुट्टीच्या दिवशी आणि पदरमोड करून. जुने फोटो, मापे आणि त्या बसमधून फिरलेल्या माणसांच्या आठवणी ते गोळा करीत होते.

या बसगाड्यांना पोर्तुगीज अमदानीतला 'कारैरा' हा शब्द चिकटला होता. गोवा १९६१ साली मुक्त झाला तरी पुढे कित्येक वर्षे त्या आमच्या पेडणे तालुक्यात धावत होत्या. टपावर नारळाच्या राशी, माशांच्या पाट्या, क्वचित एखादे बकरे. पावसात बाजूंना ताडपत्री सोडली की आत काळोख होई आणि ओल्या कपड्यांचा नि विडीचा वास कोंडून राही. मांद्रेहून बस चोपड्याच्या धक्क्यापर्यंत जाई. तेव्हा शापोरा नदीवर शिवोलीचा पूल नव्हता. फेरीबोटीने पलीकडे जायचे आणि तिथून म्हापशाची दुसरी बस धरायची. फेरीबोट चुकली की कॉलेजचा पहिला तास चुकला, हा माझा नित्याचा अनुभव.

बाबा त्या बसवर ड्रायव्हर होते. बस त्यांच्या मालकीची नव्हती. पण सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ते स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करीत.

१९७९ साली गोव्यात विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन झाले. बसभाड्यात विद्यार्थ्यांना पन्नास टक्के सवलत मिळावी, ही मागणी. प्रवासी वाहतूक तेव्हा खासगी मालकांच्या हाती होती आणि सवलतीचा भार उचलायला त्यांची तयारी नव्हती. मीही मोर्च्यात होतो. ज्या बसच्या कमाईतून माझी फी भरली जात होती, तिचेच भाडे निम्मे करा, अशा घोषणा मी देत होतो. घरी हे कळणारच होते. रात्री जेवताना बाबा एवढेच म्हणाले, "अर्धे तिकीट मागा, हक्काने मागा. पण गाडीवर दगड मारू नका. ती कुणाची शत्रू नाही."

आंदोलनाला यश आले. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, कदंब वाहतूक महामंडळाची स्थापना झाली आणि सरकारी बस गोव्याच्या रस्त्यांवर आली. गरिबाघरच्या मुलांना शिक्षणाचा रस्ता त्यामुळे थोडा सोपा झाला, याचा मला आजही अभिमान वाटतो. मात्र त्याच बदलात लाकडी बसगाड्यांचे दिवस संपत गेले. बाबांच्या मालकाने धंदा आवरला तेव्हा थकलेल्या पगारापोटी ती मोडकी बसच बाबांना देऊन टाकली. आमच्या माडांच्या बागेत ती उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. बाबा संध्याकाळी कधीतरी आत जाऊन बसत.

मी सरकारी नोकरीत लागलो. जुनी वाहने निर्लेखित करण्याच्या, म्हणजे मोडीत काढण्याच्या, फायली माझ्याकडे येत. वाहनाचे वय, दुरुस्तीचा खर्च, अपेक्षित किंमत असे रकाने भरले की खाली सही. बाबा गेल्यानंतर घराभोवती कुंपण घालायचे ठरले आणि बस आड आली. मी भंगारवाल्याला बोलावले. लोखंड किलोच्या भावाने गेले, लाकूड चुलीला लागले. कार्यालयात निदान तीन सह्या लागत. घरी माझी एकट्याची पुरली. तरुणांना द्यायचे उत्तर हे होते, आणि मी ते दिले.

जुन्या बसचा जीव मुळात अल्पच. लाकूड वाळवी खाते, लोखंड खारा वारा खातो. महाराष्ट्राच्या एसटीलाही हा अनुभव आला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुटलेली पहिली एसटी लाकडी बांधणीची, काथ्याच्या आसनांची, निळ्या-चंदेरी रंगाची होती. पुढे पोलादी बांधणी आली. पण किनारपट्टीवर पोलाद गंजते म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियम आले आणि रंगही लाल झाला. हा इतिहास लोकांना दिसावा म्हणून 'बस फॉर अस फाउंडेशन' या एसटीप्रेमी मंडळींच्या संस्थेने महामंडळाच्या साहाय्याने 'वारी लालपरीची' हे प्रदर्शन भरवले. मूळ गाड्या उरल्या नाहीत, तिथे हौशी हातांनी प्रतिकृती घडवल्या. मुंबईत १९३७ पासून धावणाऱ्या बेस्टच्या जुन्या दुमजली बसची अखेरची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली, तेव्हाही प्रवासी हार-फुले घेऊन निरोपाला जमले होते. निदान दोन गाड्या आणिक आगारातील संग्रहालयात ठेवाव्यात, अशी त्यांची मागणी होती.

मागणी करावी लागते, यातच सारे आले. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी खास नियम केले. त्यांना वेगळी नोंदणी, 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक आणि प्रदर्शनासाठी रस्त्यावर आणण्याची मुभा मिळाली. जुन्या सवयीने मी ते नियम बारकाईने वाचले. ती मुभा खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींना आहे. बस त्यांत बसत नाही. उलट १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणीच संपुष्टात येते आणि ती भंगारात काढायची असतात. धूर आणि सुरक्षितता पाहता या दुसऱ्या नियमाला माझी हरकत नाही. तरी एक गोष्ट मनाला लागते. एका कुटुंबाला फिरवणाऱ्या मोटारीला वारसा म्हणून कायद्यात जागा मिळाली. सारा गाव वाहून नेणाऱ्या गाडीला मिळाली नाही. जी सर्वांची, तिचा सांभाळ करणारा कुणीच नसतो. ही रिकामी जागा भरायला मग कुणीतरी आपण होऊन उभे राहावे लागते.

इंग्लंडमध्ये इंबर नावाचे एक खेडे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सैनिकी सरावासाठी ते रिकामे करण्यात आले आणि गावकऱ्यांना पुन्हा तिथे राहायला मिळाले नाही. २००९ पासून बसवेडे स्वयंसेवक वर्षातून एक दिवस लंडनच्या जुन्या दुमजली गाड्या त्या निर्जन गावी नेतात. लोक तिकीट काढून जातात, ओस घरे पाहतात आणि परततात. गाव परत येत नाही. पण गावाला जायची बस होती, हे विसरले जात नाही.

आमच्या तरुणांची बस बहुधा रस्त्यावर धावणार नाही. कायदा आड येईल आणि इंजिनही. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. शिक्षक हसून म्हणाला, "काका, उभी राहिली तरी पुरे. पोरे आत बसतील ना!"

मी आत गेलो आणि बाबांच्या बसचा पितळी भोंगा घेऊन आलो. भंगारवाला आला त्या दिवशी का कुणास ठाऊक, तेवढा मी काढून ठेवला होता. रबरी फुगा केव्हाच विरून गेला आहे. तरुणांनी पोचपावती लिहून देऊ केली. सरकारी माणसाला ती हवी असणार, असे त्यांना वाटले असावे. मी घेतली नाही. भोंग्याला नवा फुगा बसला की मला बोलवा, एवढेच सांगितले. भाड्याचे काय ते तेव्हा पाहू. ज्येष्ठ नागरिक म्हणून मी अर्धे तिकीट मागणार आहे.