दम्याचे लेकरू आणि हवेचे यंत्र

आमच्या धाकटीला दमा आहे, हे चारचौघांत कबूल करायला आम्हाला दोन वर्षे लागली. तोवर ‘तिचा सर्दीचा कोठा आहे’ असे सांगून आम्ही वेळ मारून नेत होतो. मुलगी आहे, उद्या स्थळ बघताना अडचण येईल, असे नातेवाईक म्हणत आणि आम्हीही ते ऐकून घेत होतो. रात्री दोनच्या सुमारास तिच्या छातीत शिट्टी वाजू लागे. ती उठून बसे आणि उशी पोटाशी धरी. मग रिक्षा, पालिकेचे रुग्णालय, नेब्युलायझरची वाफ आणि सकाळी कामावर खाडा. ज्यांच्या घरी दमा आहे त्या वाचक बंधू-भगिनींना ही रात्र वेगळी सांगायला नको.

गोवंडीला पुनर्वसनाच्या इमारतीत आमची २२५ चौरस फुटांची खोली आहे. समोरची इमारत इतकी जवळ की ऊन आत येत नाही. देवनारची कचराभूमी जवळच. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली, तेव्हा कित्येक दिवस धूर वस्तीवर होता. धाकटीचा जन्म त्यानंतरचा, पण हवा तीच. बाहेरची हवा आपल्या हाती नाही, निदान घरातली तरी स्वच्छ करू, असे आम्हाला वाटले आणि भिशीचे पैसे लागताच आम्ही २२०० रुपयांचे एक यंत्र आणले.

त्यात निळा दिवा लागे. दुकानदाराने ‘दमा पळून जाईल’ असे सांगितले होते. खरे सांगायचे तर आम्हाला तेच ऐकायचे होते, कारण डॉक्टरबाईंनी दिलेला पंप तिला रोज द्यायला आमचे मन तयार नव्हते. पंपाची सवय लागते, अशी आमची पक्की समजूत. यंत्र आले आणि पंप आम्ही हळूच बंद केला. बाराव्या रात्री लेकरू निळे पडले.

ही आमची चूक होती, म्हणून ती इथे लिहीत आहोत. डॉक्टरबाई रागावल्या, पण नंतर बसवून समजावलेही. रोजच्या पंपातले औषध श्वासनलिकेची सूज कमी ठेवते. ते थेट छातीत जाते म्हणून मात्रा अगदी थोडी पुरते, आणि त्याचे व्यसन लागत नाही. हवेचे यंत्र हे औषध नव्हे. आमच्या यंत्राची माहिती वाचून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यात फिल्टर नव्हताच. ते आयोनायझर होते. अशा काही यंत्रांतून थोडा ओझोन वायू निघतो आणि तो दमेकऱ्याच्या छातीला उलट त्रास देतो.

मग त्यांनी विचारले, “मुलगी झोपते कशावर?”

गोधडीवर. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली, तीन पिढ्यांची माया असलेली गोधडी. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे गादी, उशी, गोधडीत राहतात आणि माणसाच्या गळलेल्या त्वचेवर जगतात. त्यांची विष्ठा नाकात गेली की दमा उसळतो. हे कण जड असतात. अंथरूण झटकले की उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. यंत्राने ते ओढायचे कसे? तेव्हापासून आठवड्यातून एकदा अंथरूण हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साठेक अंशांच्या, भिजवतो आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवतो. उशीला घट्ट विणीचा चेन लावलेला अभ्रा शिवून घेतला. ती थोरली गोधडी मात्र पेटीत गेली. आईला ते लागले, हे आम्हाला कळत होते.

झाडूऐवजी ओले फडके आले. मोरीखालची झुरळे मारली, कारण त्यांच्या विष्ठेनेही दमा वाढतो. भिंतीची ओल मात्र वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळामुळे होती. ते भांडण अजून मिटायचे आहे. डासांची कॉइल त्याच दिवशी बंद केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. आम्ही ती रोज लेकराच्या उशाशी लावत होतो.

राहिली अगरबत्ती. आई सकाळ-संध्याकाळ तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती, अगरबत्ती लावून वंदना म्हणते. तिला सांगायचे कोणी? पंधरा दिवस घरात अबोला होता. “माझ्या धुपाने पोरगी आजारी पडते होय?” म्हणाली. पुढे एका संध्याकाळी धाकटी वंदनेतच खोकू लागली आणि आई मध्येच थांबली. दुसऱ्या दिवशीपासून फोटोपुढे फुले आणि खिडकीजवळ एक छोटी मेणबत्ती. धूप विहारात असतोच, असे तिनेच शेजारणीला सांगितले.

एवढे झाल्यावर, मागल्या हिवाळ्याआधी, आम्ही खरे यंत्र घेतले. या वेळी हिशेब करून. हेपा फिल्टर हवा, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. ‘हेपासारखा’ लिहिलेला नको. दुसरा आकडा सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो. आमची खोली २२५ चौरस फूट आणि उंची ९ फूट, म्हणजे २०२५ घनफूट, सुमारे ५७ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा साफ व्हायची तर २८५ लागतो. दुकानात ‘मोठ्या हॉलला पुरेल’ म्हणून दाखवलेल्या यंत्राचा आकडा १५० होता. आम्ही ३०० चे घेतले, हप्त्याने. ४० वॅटचे आहे. रात्री आठ तास चालवले तर महिन्याला दहाएक युनिट पडतात.

एकाच खोलीत चूल आणि झोप असली की एक अडचण येते. फोडणीच्या तेलकट धुराने फिल्टर लवकर भरतो, आणि गॅसच्या शेगडीतून निघणारा वायू हेपाला अडवता येत नाही. म्हणून स्वयंपाक होईतो खिडकी उघडी, पंखा चालू, यंत्र बंद. भांडी आवरली की खिडकी लावतो आणि यंत्र सुरू करतो.

रात्रीच्या रिक्षा कमी झाल्या आहेत. यंत्राने किती, पंपाने किती आणि गोधडी हलवल्याने किती, हे वेगळे काढता येणार नाही. आमचा कौल पंपाला. नवीन फिल्टर १८०० रुपयांचा आहे आणि वर्षातून एकदा बदलावा लागतो. यंत्र घेताना दुकानदार हे आपणहून सांगत नाही, विचारून घ्यावे. त्यासाठी आम्ही महिन्याला दीडशे रुपये डब्यात टाकतो. पहिला फिल्टर काढला तेव्हा तो तव्याच्या बुडासारखा काळा निघाला होता. आईने तो बराच वेळ हातात धरून पाहिला. हिवाळा सरल्यावर पंपाची मात्रा कमी करून पाहू, असे डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत.